ठराव झाला, आता पुतळा उभा करायचा: नव्या पुतळा समितीसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेत पुतळ्याचा ठराव मंजूर झाला की चौकात फटाके वाजतात. त्यानंतर शिल्पकाराला जो पहिला फोन जातो, त्यात बहुतेक वेळा एकच प्रश्न असतो: "जयंतीपर्यंत होईल ना?" समितीत नव्याने आलेले कार्यकर्ते, नगरसेवक, बांधकाम विभागातले तरुण अभियंते आणि पहिलंच मोठं काम घेतलेले शिल्पकार यांच्यासाठी हा लेख आहे. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो. अनावरणाची तारीख धातू ओतून, जोडून, तपासून झाल्यावर ठरवा. तारीख आधी जाहीर केली की पुढची प्रत्येक पायरी तिच्यामागे धावत सुटते, आणि काटछाट होते ती नेमकी लोकांना न दिसणाऱ्या भागात.

मालवणच्या राजकोट किल्ल्यावरच्या छत्रपती शिवाजी महाराजांच्या 35 फुटी पुतळ्याचं अनावरण 4 डिसेंबर 2023 ला झालं आणि 26 ऑगस्ट 2024 ला तो कोसळला. चौकशीच्या अहवालात गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंग ही कारणं पुढे आली. तिन्ही गोष्टी पुतळ्याच्या पोटातल्या आहेत. त्या दिवशी ज्यांना वाईट वाटलं, त्या प्रत्येकाने आपल्या गावच्या कामात तरी पोटात काय आहे हे विचारायला शिकलं पाहिजे.

बारा-पंधरा फुटी अश्वारूढ ब्राँझ पुतळ्याला कार्यारंभ आदेशापासून चौथऱ्यावर बसेपर्यंत वर्ष ते दीड वर्ष धरून चला. याहून बऱ्याच कमी वेळात करून देतो म्हणणाऱ्याला वेळ नेमका कुठे वाचवणार ते विचारा.

1. उंचीचा आकडा शेवटी, चौकाचा आकार आधी

शेजारच्या तालुक्यात बारा फुटी आहे म्हणून आपला पंधरा फुटी, अशी सुरुवात करू नका. टेप घेऊन चौकात जा. पुतळा जिथे बसेल तिथून लोक जिथे उभे राहून बघणार तिथपर्यंतचं अंतर मोजा. एकूण उंचीच्या, म्हणजे चौथरा अधिक पुतळा यांच्या, साधारण दुप्पट अंतरावरून माणसाला मान फारशी वर न करता अख्खं शिल्प नजरेत येतं. समोरच्या दुकानांच्या ओट्यापर्यंत चाळीस फूट मिळत असतील, तर चौथऱ्यासकट वीस फूट हा चांगला आकडा आहे. त्याहून उंच केलं की लोकांना घोड्याचं पोट दिसतं, महाराजांचा चेहरा दिसत नाही.

उंची वाढली की खर्च कसा वाढतो हेही समजून घ्या. उंची दुप्पट झाली तर पृष्ठभाग चौपट होतो, म्हणजे त्याच जाडीला धातू चौपट लागतो. दहाचे पंधरा फूट केले तर धातू सव्वादोन पट. सभेत टाळ्या घेण्यासाठी वाढवलेले पाच फूट पुढे सांगाड्याचे, पायाचे आणि क्रेनचे पैसे खातात.

आणि लहान पुतळ्याला कमी समजू नका. कोल्हापूरच्या बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे अर्धपुतळे आहेत. 9 डिसेंबर 1950 ला, बाबासाहेब हयात असताना, माधवराव बागलांच्या पुढाकाराने ते बसवले गेले. त्या चौकाचं महाराष्ट्राच्या मनात जे स्थान आहे ते फुटांत मोजता येत नाही. पैसा मर्यादित असेल तर पातळ पत्र्याच्या मोठ्या पुतळ्यापेक्षा जिवंत चेहऱ्याचा, भरीव कामाचा अर्धपुतळा करा, असंच मी प्रत्येक समितीला सांगतो.

2. जागा

मिळकत पत्रिका किंवा सातबारा, विकास आराखड्यातली रस्तारुंदीची रेषा, आणि जमिनीखालून जाणाऱ्या जलवाहिन्या, गटारं, केबल: हे तीन कागद टेबलावर आल्याशिवाय भूमिपूजन करू नका. सर्वोच्च न्यायालयाने 18 जानेवारी 2013 च्या आदेशाने सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि सार्वजनिक उपयोगाच्या जागांवर पुतळे उभारायला परवानगी देऊ नये असं राज्यांना बजावलं आहे. त्यामुळे भर रस्त्यातल्या बेटावरचा हट्ट सोडून बाजूचं उद्यान, नगरपालिकेचं आवार किंवा जुन्या चावडीची मोकळी जागा यांचा विचार करा. तिथे लोकांना जवळ जाऊन, थांबून, मुलांना दाखवत बघताही येतं.

दिशा पाहायला विसरू नका. चेहरा उत्तरेकडे असेल तर वर्षाचा बराच काळ ऊन पाठीवर पडतं आणि समोरून नुसती काळी आकृती दिसते. सकाळी आठ, दुपारी बारा आणि संध्याकाळी पाचला त्या जागेवर एक माणूस उभा करून फोटो काढा. फुकटात होणारी ही चाचणी फार थोडे लोक करतात.

3. परवानग्या

पुतळ्यांबाबत सामान्य प्रशासन विभागाचे शासन निर्णय आहेत: 2 फेब्रुवारी 2005 चा आणि नंतरचा 2 मे 2017 चा. चालू स्थितीतली प्रत जिल्हाधिकारी कार्यालयातून मागून घ्या आणि समितीतल्या प्रत्येकाला वाचायला लावा. ढोबळमानाने फाइलमध्ये या गोष्टी लागतात: स्थानिक संस्थेचा ठराव, जागेच्या मालकीचे कागद, पोलिसांचा ना हरकत दाखला, चौथऱ्याचे नकाशे आणि बांधकामाच्या मजबुतीबाबतची तांत्रिक कागदपत्रं, दोन किलोमीटरच्या परिसरात त्याच व्यक्तीचा दुसरा पुतळा नसल्याची खात्री, देखभालीची जबाबदारी घेतल्याचं हमीपत्र, आणि कला संचालनालयाची मातीच्या नमुन्याला मान्यता.

ही शेवटची मान्यता चेहरा, प्रमाणं, पोशाख यांची असते. छोट्या नमुन्याला मिळालेल्या मान्यतेत मोठ्या पुतळ्याच्या मजबुतीची हमी नसते. मजबुतीसाठी वेगळा संरचना अभियंता लागतो, त्याची वेगळी आकडेमोड आणि वेगळी सही लागते. या दोन कागदांची गल्लत करू नका.

परवानगीला उशीर होतोय म्हणून रातोरात पुतळा आणून बसवायचा, हा मार्ग काही ठिकाणी लोक धरतात. मग ताडपत्रीत गुंडाळलेला पुतळा, बंदोबस्त, गुन्हे दाखल झालेली कॉलेजची पोरं. ज्यांच्या नावाने हे करायचं, त्यांच्या वाट्याला असा प्रसंग आणू नये.

4. शिल्पकार आणि करार

निविदेत सगळ्यात कमी दर भरणारा शिल्पकार सगळ्यात चांगला असेलच असं नाही, म्हणून तांत्रिक पात्रता आधी तपासा. त्याने दहा वर्षांपूर्वी केलेला पुतळा कुठे आहे विचारा आणि समितीतल्या चौघांनी तिथे जाऊन या. नव्या पुतळ्याला पॉलिश असतं, जुना खरं सांगतो. पावसाचे हिरवे ओघळ कुठून उतरलेत, सांध्यावर तडे आहेत का, खुरांपाशी तांबूस गंज झिरपतोय का ते पाहा. गंज दिसला तर आत साधं लोखंड आहे.

करारात धातूची घटकं, किमान जाडी, सांगाड्याच्या स्टीलची प्रत, चाचण्या कोण करणार, वाहतुकीचा विमा कोणाचा आणि साच्याची मालकी कोणाची हे लिहा. पैसे टप्प्याने द्या: नमुना मंजूर झाल्यावर, पूर्ण आकाराची माती पाहिल्यावर, ओतकाम झाल्यावर, बसवल्यावर, आणि काही रक्कम दोन पावसाळे गेल्यावर.

दर किलोवर ठरवला तर ओतणारा जाडी वाढवतो, एकरकमी ठरवला तर जाडी कमी करतो. दोन्हीवर उपाय एकच. अल्ट्रासॉनिक जाडीमापकाने वीस-पंचवीस ठिकाणी जाडी मोजून तक्ता करा आणि पुतळा काट्यावर चढवून वजनाची पावती फाइलला लावा. फायबरवर ब्राँझचा रंग मारून ब्राँझचं बिल लावायचे प्रकारही त्यामुळे थांबतात. फायबरचा पुतळा करायला हरकत नाही, पण लोकांना तो फायबरचा आहे म्हणून सांगा. उन्हात त्याची राळ काही वर्षांत भुकटते, रंग उडतो, हे आधीच माहीत असू द्या.

घरोघरी फिरून पितळेचे हंडे-कळशा गोळा करायची प्रथा काही गावांत आहे. भावना मोठी आहे, तिचा मान राखा. पण प्रत्येक भांड्याचं पितळ वेगळं असतं, जस्ताचं प्रमाण वेगळं असतं, आणि ते थेट मुशीत घातलं की ओतकाम सच्छिद्र होतं. ती भांडी रीतसर तोलून, दात्यांची नावं नोंदवून भंगारात द्या आणि त्या पैशातून चाचणी केलेल्या धातूच्या लगडी घ्या. दात्यांची यादी चौथऱ्याच्या आत ठेवता येते.

5. माती: इथे घाई केली की पुढे काही सुधारत नाही

आधी दीड-दोन फुटांचा नमुना होतो. यात मुद्रा, घोड्याची चाल, हाताची दिशा ठरते. महाराजांच्या चेहऱ्यासाठी समकालीन चित्रं उपलब्ध आहेत, ब्रिटिश म्युझियममध्ये आणि ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये. कॅलेंडरवरच्या चित्रावरून काम करणाऱ्याला ती दाखवा. जिरेटोप, अंगरखा, शेला, तलवारीची मूठ, खोगीर, रिकीब यांसाठी इतिहासाचा एक जाणकार समितीत असलाच पाहिजे. बाबासाहेबांचे फोटो भरपूर आहेत, सगळ्या बाजूंनी आहेत. तिथे चेहरा चुकायला काहीच कारण नाही. सावित्रीबाईंचे फारच थोडे आहेत, तिथे शिल्पकाराची खरी कसोटी लागते.

मग हा नमुना मोठा करतात. जुनी पद्धत चौकटीची आणि पॉइंटिंगची: नमुन्यावरचा प्रत्येक बिंदू मोजून दहापट अंतरावर टाकायचा. आता नमुना स्कॅन करून थर्माकोलचे ठोकळे मशीनवर कापतात, ते जोडतात आणि वर एक-दोन इंच मातीचा थर देऊन हाताने काम करतात. माती वाचते, वेळ वाचतो. पण मशीनने मोठा केलेला चेहरा तसाच ठेवू नये. लहान नमुन्यात बोटाच्या दाबाने आलेली खळगी दहापट झाली की खड्डा होते, पापणीची कड बोथट होते. तो चेहरा शिल्पकाराने पुन्हा घडवायला हवा.

संपूर्ण मातीत काम असेल तर आधी लोखंडी पाइप आणि सळ्यांचा सांगाडा उभा राहतो. त्यावर तारेने लाकडी पट्ट्यांचे छोटे क्रॉस लोंबकळत बांधतात. हे क्रॉस मातीच्या पोटात अडकून राहतात, नाहीतर घोड्याच्या पोटाची माती आपल्या वजनाने खाली बसते. शाडू ओली ठेवण्यासाठी रात्री ओली गोणपाटं आणि वरून प्लास्टिक. उन्हाळ्यात मध्यरात्री उठून पाणी मारावं लागतं, कारण सकाळी नाकावर भेग दिसली की दोन दिवस गेले.

समितीने माती पाहायला जाताना चार गोष्टी करा. एक, जमिनीवर बसून किंवा मोबाइल जमिनीला टेकवून वर बघा. चौथरा आठ फूट असेल तर लोक हाच कोन बघणार आहेत. खालून बघताना डोकं लहान आणि मांड्या मोठ्या दिसतात, म्हणून चांगला शिल्पकार डोकं आणि खांदे किंचित मोठे ठेवतो आणि छाती थोडी पुढे झुकवतो. समोरासमोर पाहिलं तर प्रमाण चुकल्यासारखं वाटेल. तिथे "डोकं लहान करा" म्हणू नका. दोन, एक आरसा घेऊन जा आणि चेहरा आरशात पाहा. डोळे वर-खाली असतील, मिशी एका बाजूला झुकली असेल, तर लगेच कळतं. तीन, मागची बाजू पाहा. चौकात मागूनही रस्ता आहे, आणि त्या बाजूच्या लोकांना रोज शेपूट आणि शेला दिसणार आहे. चार, बोलायला एकच माणूस ठेवा. पंधरा जणांनी पंधरा सूचना दिल्या की चेहऱ्यातला प्राण जातो. सगळ्यांचं ऐकून एकाने लेखी यादी द्यावी.

मातीत बदल हाताने होतो, मेणात सुरीने, धातूत ग्राइंडरने. प्रत्येक टप्प्यावर खर्च कितीतरी पट वाढतो. मातीपाशी महिना जास्त गेला तर जाऊ द्या.

6. साचा, मेण आणि ओतकाम

मातीवरून प्लास्टरचा किंवा रबर-फायबरचा साचा काढतात आणि त्यातून बहुधा फायबरची पक्की प्रत निघते. ही प्रत समितीने जपून ठेवावी. पुढे अपघात झाला, एखादा हात बदलावा लागला तर तीच कामाला येते. मग पुतळ्याचे तुकडे पाडतात: डोकं, धड, घोड्याची मान, पोटाचे पट्टे, पाय. प्रत्येकाला नंबर.

बारीक नक्षीचे भाग मेणाच्या पद्धतीने आणि मोठे सपाट भाग वाळूच्या साच्यात, असं पुष्कळ ठिकाणी चालतं. मेणाच्या पद्धतीत साच्याच्या आत पाच-सहा मिलिमीटर जाडीचा मेणाचा थर देतात. जितकं जाड मेण, तितकाच जाड धातू. मेणाला धातू आत जायच्या नळ्या आणि हवा बाहेर पडायच्या नळ्या मेणाच्याच जोडतात, आतला गाभा हलू नये म्हणून खिळे टोचतात, आणि सगळं विटांची भुकटी आणि प्लास्टरच्या लगद्यात गाडतात. तो ठोकळा भट्टीत दिवसेंदिवस भाजतात. मेण वितळून वाहून जातं आणि मेणाची जागा पोकळ राहते. भाजणी अपुरी राहिली, ओल राहिली, तर ओतताना वाफ होऊन धातू उसळतो. हा जिवावरचा धोका आहे. त्यामुळे भट्टी कधी उघडायची हे ओतारी ठरवतात, समितीचा अध्यक्ष नाही.

ओतकाम एकदा तरी बघा, पण लांबून, आणि सुती कपडे घालून. मुशीतला धातू साधारण अकराशे ते बाराशे अंश सेल्सियसला येतो तेव्हा तो नारिंगीच्याही पुढे जाऊन पिवळट दिसतो, वर जस्ताचा पांढरा धूर धरतो. एक जण लांब पळीने वरची मळी बाजूला सारतो. दोघं मूस तिरकी करतात आणि धार सुरू झाली की मध्ये थांबत नाहीत. थांबली तर जिथे थांबली तिथे थर पडतो आणि पुढे तिथेच भेग जाते. हवेच्या नळ्यांतून धातूचा चमकता थेंब वर आला की साचा भरला. तोवर कोणी बोलत नाही.

धातूसाठी नेहमीचं मिश्रण 85 टक्के तांबं आणि कथील, जस्त, शिसं प्रत्येकी 5 टक्के असं असतं. प्रत्येक ओतणीतून एक छोटा तुकडा बाजूला काढून त्याची प्रयोगशाळेत स्पेक्ट्रोमीटरवर तपासणी करून घ्या. थंड होताना धातू दीड-दोन टक्के आक्रसतो, म्हणजे पंधरा फुटांत जवळपास तीन इंच. त्याची तजवीज शिल्पकाराने मोठं करतानाच केलेली असते.

मग तुकडे आर्गॉन वेल्डिंगने जोडतात. वेल्डिंगची सळई त्याच मिश्रणाची हवी, नाहीतर सांधे आज जुळलेले दिसतात आणि दोन वर्षांत वेगळ्या रंगाच्या रेषा बनून उठतात. सांध्यात आरपार फट तर राहिली नाही ना, हे पाहण्यासाठी जोडणीच्या दिवसांत आत टॉर्च धरून बाहेरून बघा: उजेड गळता कामा नये. शेवटी धातू तापवून त्यावर रसायनांनी रंग चढवतात आणि मेण लावतात. हा रंग धातूच्या पृष्ठभागातच तयार होतो. त्यावर पुढे कधीही ऑइलपेंट मारू नका.

पुण्यातल्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमधला शिल्पकार नानासाहेब करमरकरांनी घडवलेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आवर्जून पाहून या. साडेतेरा फुटांचा हा पुतळा 1928 मध्ये मुंबईत एकसंध ओतला गेला. त्याची कोनशिला बसली होती 1921 मध्ये. घोड्याच्या मानेचा ताण आणि स्वाराच्या पाठीचा कणा बघा. अलिबागजवळ सासवण्याला करमरकरांचं घर आता शिल्पालय आहे. समितीची सहल काढायची असेल तर याहून चांगलं ठिकाण नाही.

7. पोटातला सांगाडा

सहा मिलिमीटर जाडीच्या ब्राँझचं वजन चौरस मीटरला साधारण 53 किलो भरतं. पंधरा फुटी अश्वारूढ पुतळ्याचा पृष्ठभाग चाळीस चौरस मीटर धरला तर नुसती कातडी दोन टनांच्या वर जाते. घोड्याचा एक पाय उचललेला असेल तर हे वजन तीन पायांवर येतं, आणि पाय वरच्या टोकापेक्षा खुरापाशी बारीक असतात. मागच्या पायांवर उभा राहिलेला घोडा केला तर दोनच पाय आणि शेपूट. म्हणून पायांच्या आतून जाड भरीव दांडे खाली चौथऱ्यात खोलवर उतरले पाहिजेत.

वजनाइतकाच वारा महत्त्वाचा. भारतीय मानक 875 च्या तिसऱ्या भागात शहरागणिक वाऱ्याचा मूळ वेग दिलेला आहे: मुंबई आणि नागपूरसाठी सेकंदाला 44 मीटर, पुण्यासाठी 39. 44 मीटरचा वारा चौरस मीटरला सुमारे 118 किलोचा रेटा देतो. बाजूने दहा चौरस मीटर दिसणाऱ्या पुतळ्यावर तो जवळजवळ बाराशे किलो झाला, आणि तोही जमिनीपासून उंचावर, उलटवायच्या बेताने. जागेची उंची आणि उघडेपणा धरून आकडे आणखी बदलतात. तुमच्या गावाचे आकडे अभियंत्याकडून लेखी घ्या. भूकंपासाठी भारतीय मानक क्रमांक 1893 आहे.

सांगाडा साध्या लोखंडाचा नको. ब्राँझ आणि लोखंड एकमेकांना टेकले आणि मध्ये पाणी आलं की विजेच्या घटासारखी क्रिया सुरू होते आणि लोखंड झपाट्याने गंजतं. गंज फुगतो आणि सांधे आतून फोडतो. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यात तांब्याच्या कातडीला आतून लोखंडी पट्ट्यांचा आधार होता. शंभर वर्षांत त्या इतक्या गंजल्या की 1984 ते 86 च्या दुरुस्तीत त्या काढून स्टेनलेस स्टीलच्या बसवाव्या लागल्या. आपल्याकडे कोकणात खारा वारा आणि पावसाचे चार महिने असतात, तिथे शंभर वर्षं थांबायची गरजच पडणार नाही. आतल्या कोरड्या जिल्ह्यांत 304, समुद्रकाठी 316 प्रतीचं स्टेनलेस वापरा. त्याचा आणखी एक फायदा: उन्हात ब्राँझ जितकं प्रसरण पावतं, जवळपास तितकंच हे स्टील पावतं. साधं लोखंड त्याच्या दोन-तृतीयांशच पावतं, म्हणजे रोज दुपारी सांध्यांना ओढ बसते.

घोड्याच्या पोटाखाली आणि खुरांपाशी पाणी निघायला भोकं ठेवायला सांगा. पोटाला किंवा खोगिराखाली एक झडप हवी, जिच्यातून माणूस किंवा निदान कॅमेरा आत जाईल. सांगाड्याचे फोटो तो झाकला जायच्या आत काढून ठेवा, प्रत्येक सांध्याचे. हे एक काम समितीने स्वतः करावं, कोणावर सोपवू नये.

8. चौथरा

माती परीक्षणाशिवाय पाया नाही. विदर्भ-मराठवाड्यात आणि पठारावर पुष्कळ ठिकाणी काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हात आक्रसते. पाया तिच्यातून खाली पक्क्या मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत न्यावा लागतो. पुतळा चौथऱ्याला धरून ठेवणारे नांगर-बोल्ट बसवताना शिल्पकाराकडून खुरांचा लोखंडी पट्टीचा नमुना मागवून त्यावरूनच बोल्ट रोवा. नकाशावरून रोवलेले बोल्ट पुतळा हवेत लटकत असताना जुळत नाहीत, आणि मग गॅसकटरने भोकं मोठी करायची वेळ येते.

वरच्या पृष्ठभागाला उतार, कडेला पाणी खाली ठिबकेल अशी खाच, काळा पाषाण किंवा ग्रॅनाइट, तडितरक्षक आणि त्याचं स्वतंत्र अर्थिंग. दिव्यांसाठीचे पाइप काँक्रीटच्या आधी टाका. हार घालायला जिना ठेवणार असाल तर तो बाजूने, कठड्यासह, आणि खाली कुलूप.

9. आणणं आणि बसवणं

ट्रेलर निघायच्या आधी एक गाडी त्या वाटेने जाऊन प्रत्येक तार, कमान, रेल्वे पुलाची उंची मोजून यावी. महावितरणला लेखी कळवून तारा उचलायची किंवा वीज बंद करायची वेळ ठरवा. मिरवणूक काढायची असेल तर गावाच्या वेशीपासून, बाकीचा रस्ता रात्री शांतपणे.

क्रेनची टनांतली क्षमता हात जवळ असतानाची असते. हात लांबवला की ती झपाट्याने कमी होते. तीन टनांच्या पुतळ्याला पाच टनांची हायड्रा क्रेन पुरेल असं गृहीत धरू नका, क्रेनवाल्याकडून अंतरानुसारचा तक्ता मागा. उचलायचे हुक आतल्या सांगाड्याला जोडलेले हवेत. पट्टा मानेला, हाताला किंवा तलवारीला कधीच अडकवायचा नाही. पहाटे काम सुरू करा: वारा कमी, गर्दी कमी. पुतळा बोल्टवर उतरला, समतल झाला की न आक्रसणारं ग्राउट (फटीत भरायचं सिमेंटचं मिश्रण) भरा आणि ते पक्कं होईपर्यंत टेके हलवू नका. पक्कं व्हायला दिवस लागतात, तास नाही. हे दिवस अनावरणाच्या हिशेबात आधीच धरलेले हवेत.

10. अनावरणानंतर

पडदा दोरी ओढल्यावर अडकू नये म्हणून आदल्या दिवशी तालीम करा. तलवारीच्या टोकावर मऊ टोपी लावा, पडदा तिथेच अडकतो.

दरवर्षी पावसाळ्याआधी आणि नंतर साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवा, कोरडं करा, मेणाचा पातळ थर द्या. आम्ल, पितळ घासायची पावडर, तारेचा ब्रश यांना हात लावू देऊ नका. दुग्धाभिषेक, पंचामृत झाल्यास त्याच संध्याकाळी भरपूर पाणी मारा. दूध-साखर आंबली की रंगावर डाग पडतात. ओले हार दुसऱ्या दिवशी उतरवा. पक्ष्यांची घाण आठवड्याला धुतली तर निघते, वर्षभर राहिली तर धातूला खाते.

दर दोन वर्षांनी झडप उघडून आत बघा: पाणी साचलंय का, निचऱ्याची भोकं मातीने बुजलीत का, वेल्डवर रेघ आहे का, बोल्ट ढिले आहेत का. याची नोंद नगरपालिकेच्या बांधकाम विभागात एका वहीत ठेवा. त्याच कपाटात अभियंत्याची आकडेमोड, सांगाड्याचे फोटो, धातूचे अहवाल, जाडीचा तक्ता, काट्याची पावती, रंगासाठी वापरलेल्या रसायनांची यादी आणि झडपेची किल्ली असू द्या. मुख्याधिकारी बदलले, समिती बदलली तरी पुढच्या माणसाला हे कपाट सापडलं पाहिजे, म्हणून त्याची नोंद हस्तांतरणाच्या यादीत करून घ्या.